उताराचे पाणी

लातूरचा माणूस गोल्फ खेळून आला, असे आमच्या गंजगोलाईत कोणी सांगितले, तर ऐकणारे हसतील. आणि त्यांचे हसणे अनाठायी आहे, असे आम्हांलाही म्हणता येणार नाही. बालाघाटाच्या पठारावर वाढलेल्या आमच्या पिढीला कुस्ती ठाऊक, कबड्डी ठाऊक, फार तर क्रिकेट. पांढऱ्या चिमुकल्या चेंडूमागे चार-पाच तास डोंगर तुडवायचा, ही चैन आम्ही चित्रपटांतच पाहिली होती.

परंतु आमचा भाचा पुण्यात नोकरीला आहे आणि त्याला या खेळाचे वेड आहे. सेवानिवृत्तीनंतर आम्ही त्याच्याकडे अधूनमधून राहावयास जातो. प्रत्येक मुक्कामात तो आम्हांला सरावाच्या मैदानावर नेई आणि हातात काठी देई. गेल्या एप्रिलात तो म्हणाला, "मामा, आता खरे मैदान पाहायचे." पुण्याच्या पश्चिमेला बावधन-लवळ्याच्या टेकड्यांमध्ये ऑक्सफर्ड नावाचे १८ होलचे मैदान आहे. तेथे एका भल्या पहाटे आम्ही दाखल झालो.

सपाट मैदानावर चेंडू मारणे निराळे आणि डोंगरावर मारणे निराळे, हे पहिल्याच फटक्याने शिकवले. उंचावर उभे राहावे, तर समोर खोल उतार आणि पलीकडे पुन्हा चढ. चेंडू सरळ मारला, तरी जमिनीवर पडताच तो आपल्या मर्जीने घरंगळतो. पाय कधी चेंडूच्या वर, तर कधी खाली. या खेळाचा मूळ दंडकच असा, की चेंडू जेथे आणि जसा पडला असेल, तेथून तसाच तो मारायचा. १७४४ साली स्कॉटलंडमधील लीथ येथील खेळाडूंनी १३ नियम लिहून काढले, ते या खेळाचे पहिले लिखित नियम. तेथे समुद्राकाठच्या वाळवट जमिनीवर पावसाने गवत वाढे, मेंढ्या ते चरत आणि माणसे खेळत. जमीन जशी होती, तशी त्यांनी स्वीकारली होती.

आमच्या पिशवीचा भार वाहणारा कॅडी तिशीच्या आतला तरुण होता. तिसऱ्या होलपर्यंत तो मोजके बोलला. मग आमच्या बोलण्यातला हेल ओळखून त्याने विचारले, "साहेब, गाव कोनतं तुमचं?"

"लातूर."

"मग काका म्हनतो. मी औसा तालुक्यातला. सोळाच्या साली हिकडं आलो. बापानं जनावरं इकली, मग थांबून काय करायचं?"

त्यानंतर तो आमचा सोबती झाला. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतालच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, आम्ही गुडघा टेकून उताराचा अंदाज घेऊ लागलो, की त्याला हसू येई. शेवटी त्याने आम्हांला गुरुमंत्र दिला. "काका, डोळे बारीक करून काय दिसायचं न्हाई. हितं घागरभर पानी वतलं तर कुठं जाईल, तेवढं बघा. चेंडू तसाच जातो."

आम्ही तसे पाहिले. चेंडू डावीकडे वळला आणि होलच्या काठावर जाऊन थांबला. मंत्र खरा होता. पण 'घागरभर पाणी' हे शब्द त्यानंतर आमच्या मनातून जाईनात.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरू शकत नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा हुकूम लागू झाला. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरास पोहोचली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे एकेका गाडीने २५ लाख लिटर येऊ लागले. त्याच एप्रिलात मैदानांवरील पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि महिनाअखेरनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले. आज ज्या गवतावर आम्ही उभे होतो, तसल्या १८ होलच्या हिरवळीला कडक उन्हाळ्यात एका दिवसात पाच लाख लिटर पाणी सहज लागू शकते. सांडपाणी शुद्ध करून ते गवताला देण्याची पद्धत आता अनेक मैदानांनी स्वीकारली आहे, हे आम्ही जाणतो. तरीही पायाखालची ओल बुटांतून जाणवत होती आणि सुखवतही होती. त्या सुखाचीच आम्हांला लाज वाटत होती.

अकराव्या होलवर आमचा चेंडू एका घळीत पडला. भाचा पुढे निघून गेला होता. आम्ही काठी उगारली, जोर केला आणि काठी हवेतूनच फिरली. चेंडू जागचा हलला नाही. मारण्याच्या हेतूने काठी फिरवली, की चेंडूला लागो न लागो, तो फटका मोजायचा, असा नियम आहे. या खेळात दर फटक्याला पंच जवळ उभा नसतो. आपले फटके आपणच मोजायचे आणि आपली चूक आपणच सांगायची. कॅडीने चटकन दुसरीकडे मान वळवली. आम्ही पुन्हा मारले आणि वर येऊन भाच्याला एक फटका कमी सांगितला.

पुढचे दोन होल आम्ही काही बोललो नाही. अशीच एक मान वळवलेली आम्हांला आठवत होती, फक्त ती आमची स्वतःची होती. त्या एप्रिलात आमच्या अंगणातील टाकीत टँकरचे पाणी होते आणि झाकणाला आम्ही कुलूप लावले होते. शेजारची बाई घागर घेऊन फाटकाशी आली. "काका, एवढी एकच द्या. पोराला ताप आहे." आम्ही म्हणालो, "आमचंच संपत आलंय हो," आणि मान वळवून आत गेलो. टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली होती. आत सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. मूल पुढे बरे झाले. त्या बाईने आम्हांला कधी बोल लावला नाही. तो आम्हीही कोठे मांडला नव्हता.

चौदाव्या होलवर आम्ही भाच्याला म्हणालो, "अकराव्याचा एक फटका वाढव. आम्ही खोटे सांगितले." तो हसला, "राहू द्या हो मामा, एका फटक्याने काय होते?" आम्ही आग्रह धरला, तेव्हा त्याने तो लिहिला. पिशवी खांद्यावर सारखी करीत कॅडी हळूच म्हणाला, "बरं केलंत, काका." एकूण फटके १२७ झाले.

रात्री लातूरची गाडी धरली. कुर्डुवाडी सोडून गाडी बार्शीकडे वळली, तेव्हा आम्ही जागेच होतो. कुर्डुवाडी-लातूर हा मार्ग एके काळी बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रुळांचा होता. तो रुंद झाला, म्हणून मिरजेचे पाणी आमच्या दारापर्यंत येऊ शकले. त्याच रुळांवरून आम्ही घरी चाललो होतो.

घरी सौभाग्यवती तांदूळ धुतलेले पाणी मोगऱ्याला घालीत होत्या. त्या उन्हाळ्यापासूनची ही सवय. त्यांनी विचारले, "कसं होतं मैदान?" आम्ही म्हणालो, "हिरवंगार." मग फटक्यांची संख्या सांगितली, वाढवून घेतलेल्या फटक्यासकट. त्या संध्याकाळी आम्ही शेजारी गेलो. नऊ वर्षे उशीर झाला होता. बाईंनी चहा टाकला आणि पाण्याचा भरलेला तांब्या आमच्यापुढे ठेवला. बोलावयाचे होते ते आम्ही त्यानंतर बोललो.