नवशिक्याचे हत्यार

कार्बाइन हा शब्द चंदीगडच्या जुन्या रहिवाशाच्या कानी पडला, तर त्याला खेळ आठवत नाही, नाकाबंदी आठवते. १९८० नंतरच्या त्या अस्वस्थ दशकात शहराच्या आखीव-रेखीव चौकांतून जे पहारेकरी उभे असत, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या खांद्याला हेच आखूड हत्यार लटकत असे. डाव्या कुशीतून आडवे निघालेले, किंचित वाकलेले मॅगझिन, नळीवर भोकाभोकांचे आवरण, आणि पोटात पिस्तुलाचीच ९ मिलिमीटरची गोळी. ब्रिटिश स्टर्लिंगच्या धर्तीवर ते कानपूरच्या कारखान्यात घडे. त्याची थोरली बहीण स्टेनगन. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासस्थानी रिव्हॉल्व्हरबरोबर तीही चालली, आणि त्यानंतर उत्तर भारतात जे घडले ते सर्वश्रुत आहे. ज्या शहराने बंदुकीचे हे रूप इतक्या जवळून पाहिले, त्याच शहराने पुढे देशाला पहिला वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णवीर द्यावा, आणि तोही नेमबाजीत, ही गोष्ट साधी नाही.

परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, पिस्तुलाच्या गोळीची कार्बाइन ही अलीकडे हौशी नेमबाजाची लाडकी वस्तू झाली आहे. धावत, वळत, आडोशामागून लक्ष्ये टिपण्याच्या स्पर्धांत तिचा स्वतंत्र विभाग असतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागायचे, असा तिथला हिशेब. तिचे आकर्षण उघड आहे. पिस्तूल केवळ हातांच्या आधारावर तरंगते. कार्बाइन खांद्याला टेकते, गालाला लागते, म्हणून नवख्याचा नेमही चटकन स्थिरावतो. गोळी स्वस्त, धक्का सौम्य. पण कमी किमतीच्या कार्बाइनचे स्वभावदोषही आहेत. तिच्यातला जड खटका प्रत्येक बाराला मागेपुढे आपटतो आणि धक्का सौम्य असूनही नेमाचा ठिपका थरथरतो. घोडा ओढायला जड. शिवाय नेम धरण्याचे भिंग नळीच्या चार-सहा सेंटिमीटर वर बसवलेले असल्यामुळे अगदी जवळच्या लक्ष्यावर गोळी ठिपक्याच्या तितकीच खाली लागते. डोळा जिथे आहे तिथे नळी नाही, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी उमगते. महागड्या हत्याराने हे सत्य काही काळ झाकले असते, एवढेच.

आपल्याकडे ही वाट बहुतेकांना बंद आहे. ९ मिलिमीटरचे हत्यार सामान्य नागरिकाच्या परवान्यात बसत नाही. कार्बाइनचे सामने होतात ते पोलीस दलांच्या आपापसांतल्या स्पर्धांत. भारतीय मुलाचे पहिले हत्यार असते ती हवेच्या दाबावर चालणारी रायफल, किंवा एन.सी.सी.च्या कोठारातली .२२. हवेच्या रायफलीचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या शक्तीच्या अशा रायफलीला शस्त्रपरवानाही लागत नाही. मात्र दहा मीटरवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. चौकातल्या कार्बाइनीने माणूस भ्यावा, आणि या निरुपद्रवी नळीने मात्र धरणाऱ्याची स्वतःच्याच श्वासाशी, नाडीच्या ठोक्याशी गाठ घालून द्यावी, असा हा उलटा न्याय.

अभिनव बिंद्राकडे साधनांची वाण नव्हती. शहराला लागून असलेल्या झिरकपूरला त्याच्या घराच्या आवारातच नेमबाजीची रेंज उभी राहिली. याबद्दल त्याला बोल लावणारे पुष्कळ भेटतात. पैसा होता म्हणून पदक आले, हे म्हणणे सोपे आहे, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असेही नाही. पैशाविना हा खेळ फार पुढे जात नाही. पण पैशाने काय विकत घेता येत नाही, हे ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगला दिसले. अंतिम फेरीपूर्वीच्या सरावाच्या बारात त्याच्या रायफलीने दहाऐवजी चार गुण दाखवले. जगातल्या उत्तमांपैकी एक अशी ती रायफल, पण तिची दृष्टी कशी कोण जाणे, सरकली होती. हाताशी उरलेल्या थोड्या मिनिटांत त्याने ती पुन्हा जुळवली. बाजारातून आणलेली पहिली स्वस्त रायफल घेऊन प्रत्येक मूल जे करते, तेच. शेवटच्या बारापूर्वी फिनलंडचा हेन्री हाकिनेन त्याच्या बरोबरीत होता. हाकिनेनचे पडले ९.७, बिंद्राचे १०.८. एकूण ७००.५. त्या स्पर्धेच्या तयारीसाठी, मोठ्या दालनाची सवय व्हावी म्हणून, त्याने लग्नसमारंभाचा हॉल भाड्याने घेऊन तिथे सराव केला होता. ज्या छताखाली वरातीचे बँड वाजायचे, तिथे हा तरुण एकटा उभा राहून नीरवतेचा अभ्यास करीत होता, हे चित्र त्या पदकाहूनही अधिक काळ मनात रेंगाळते.

अंजुम मौदगिल त्याच शहराची, पण तिची वाट शाळेतल्या एन.सी.सी.तून निघाली. २०१८ साली कोरियातल्या चांगवॉनच्या जागतिक स्पर्धेत तिने दहा मीटर हवाई रायफलीत रौप्यपदक मिळवले. ती चित्रेही काढते. मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा धागा तिच्या प्रशिक्षणात आहे: तिच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे. त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. मुंबईच्या ज्या पिढीत अंजली भागवत एन.सी.सी.च्या निमित्ताने रायफलीपाशी आली, त्याच पिढीतल्या. दोन शहरांमधले अंतर रायफलीच्या ओळखीने असे मिटते.

याच देशपांडेबाईंचा दुसरा शिष्य कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकचे नेमबाजीचे सामने जिथे झाले त्या शातोरूला, त्याने ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवले. या प्रकारातले भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. मुलाच्या काडतुसांसाठी घराने कर्ज काढल्याची हकीगत पदकानंतर वर्तमानपत्रांतून आली, आणि ती आनंदाने वाचली गेली, जणू ते कर्ज हाही विजयाचाच एक अलंकार. अशी कर्जे काढून पदकाविना राहिलेली घरे या देशात किती असतील, त्यांची बातमी होत नाही. .२२ चे एक काडतूस एकदाच उडते. दिवसाला शे-सव्वाशे उडाली, की शिक्षकाच्या पगाराचे काय होते, याचा हिशेब कुठल्याही गुणफलकावर नसतो.

चंदीगडच्या रेंजवरही आजघडीला जी मुले येतात, त्यांतली सगळी काही रायफल घेऊन येत नाहीत. रायफल क्लबची किंवा शाळेची असते. दस्त्याला चिंध्या गुंडाळून तो लहान खांद्याला बेतलेला, दृष्टीचा स्क्रू आधीच्या मुलाने स्वतःच्या डोळ्यासाठी फिरवून ठेवलेला. नव्या हाताला तो आधी सोडवावा लागतो. दोन खटके उजवीकडे, एक खाली, मग एक बार, मग पुन्हा एक खटका. तासाभराने वेळ संपते, नोंदवहीत रायफलीच्या क्रमांकापुढे सही होते, आणि स्क्रू तसाच ठेवून ती पुढच्याच्या हाती जाते.