पाच बाय तीन

पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. पहिले कुलगुरू मुकुंद रामराव जयकर. त्यांचे नाव ग्रंथालयाला मिळाले. २०१४ साली विद्यापीठाचे नाव बदलले. पुढे ग्रंथालयाच्या नावातला ‘ग्रंथालय’ हा शब्दही गेला. आता ते जयकर ज्ञानस्रोत केंद्र आहे.

‘ग्रंथपाल’ हा शब्द चार अक्षरांचा. दारावरच्या छोट्या पाटीवर मावत असे. पद आता संचालकाचे आहे. पाटी लांब झाली.

ग्रंथालयाच्या तालिकेचे कार्ड पाच इंच रुंद, तीन इंच उंच. खालच्या कडेला मधोमध भोक. भोकातून खणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दांडी. दांडी काढल्याशिवाय कार्ड हलत नसे. एका पुस्तकाची निदान तीन कार्डे : लेखकाचे, नावाचे, विषयाचे.

कोपऱ्यात वर्गांक. ड्युईच्या पद्धतीत ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. पुढे १ असला की कविता, २ असला की नाटक. काउंटरवरच्या माणसाला हे आकडे पाठ असत.

काही कार्डांवर पुस्तक नसे. ‘गोविंदाग्रज – पाहा : गडकरी, राम गणेश’ एवढेच असे. कोणीतरी ते आधीच लिहून ठेवलेले असे.

संगणक आला तेव्हा अनेक ठिकाणी मराठी नावे रोमन अक्षरांत भरली गेली. ज्ञानेश्वरी ‘डी’खाली शोधायची की ‘जे’खाली, हे भरणाऱ्यावर अवलंबून राहिले.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी डकवलेली असे. शिक्का जांभळा. आधी कोणी नेले हे कळत नसे. केव्हा नेले ते कळे. आता देवघेवीची नोंद यंत्रात होते. शिक्क्याची शाई वाळली आहे.

नियतकालिके टपालाने येत. अंक आला की कार्डेक्स या नोंदपत्रात खूण. नाही आला की स्मरणपत्र. वर्ष संपले की अंक बांधणीला जात. बाइंडर सुई, खळ आणि कापड घेऊन मागच्या खोलीत बसे. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे. तीस प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके. वर्गणी केंद्र सरकार भरते. खूण करायला अंक येत नाही.

प्रबंधाला काळे रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरे. प्रबंध घरी मिळत नसे. तिथेच बसून पेन्सिलीने टिपणे काढावी लागत. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढू लागले. ते रात्री दोन वाजताही उघडतात.

ग्रंथपाल चिठ्ठी देत. ती घेऊन विद्यार्थी गोखले इन्स्टिट्यूटच्या किंवा भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयात जात. चिठ्ठीवर सही आणि गोल शिक्का असे. आता पासवर्ड देतात.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचे इतर लेखनाशी साम्य मोजले जाते. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. साठ टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. ग्रंथालयाच्या टेबलावर हे अहवाल असतात. विद्यार्थी टक्के विचारायला येतो.

वाचन कक्ष भरलेला असतो. पुस्तके मुलांची स्वतःची असतात, बहुतेक स्पर्धा परीक्षांची. लॅपटॉपच्या वायरी टेबलाखालून जातात. प्लगजवळची जागा आधी भरते.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतात. त्यांचे पाच सिद्धांत १९३१ चे. चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचवण्याचा.

जुनी कार्डे रद्दीत गेली. काही उरली. मागची बाजू कोरी आणि कागद जाड, म्हणून ती काउंटरवर चिठ्ठ्यांसाठी ठेवतात. एकावर वाय-फायचा पासवर्ड लिहिलेला आहे. उलटल्यावर काळ्या शाईत, सुबक अक्षरात : ‘गोविंदाग्रज – पाहा :’