मुलगा ‘डिस्ट्रिब्यूशन’मध्ये आहे!

नाशिकमध्ये कुठल्याही लग्नात, कुठल्याही पंगतीत दोन वाक्यं बोलून बघा. पहिलं वाक्य, ‘मी वाइन इंडस्ट्रीत आहे.’ शेजारचे काका लगेच खुर्ची जवळ सरकवतात. सुलामध्ये ओळख आहे का, रविवारचं टेस्टिंगचं बुकिंग मिळेल का, पुण्याचे पाहुणे यायचेत... आता दुसरं वाक्य, ‘मी बिअरच्या डिस्ट्रिब्यूशनमध्ये आहे.’ काका जिलेबीकडे बघतात. मग विचारतात, ‘बरं बरं... आणि घरी कोण कोण असतं?’

गंमत म्हणजे वाइनमध्ये अल्कोहोल असतं साधारण १२-१३ टक्के, आणि आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बिअरमध्ये फार तर ८ टक्के. पण हिशेब टक्क्यांचा नाहीच बॉस! राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, २००८ मध्ये सुलाफेस्ट सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुला शेअर बाजारातही पोचली. द्राक्षं आपल्या दिंडोरी-निफाडची, शेतकरी आपला, म्हणून वाइन म्हणजे पर्यटन. बिअरची बार्ली येते राजस्थान-उत्तर प्रदेशकडून. तिच्याशी आपलं नातं काय? म्हणून ती नुसती दारू.

हा फरक मला एरवी कधी जाणवलाही नसता. मास कॉम करून फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलीला काम निवडायची चैन नसते. बिल्डरचं ब्रोशर, शाळेची स्मरणिका, दागिन्यांच्या दुकानाची जिंगल, जे येईल ते ‘हो’! मागच्या उन्हाळ्यात फोन आला तो उत्तर महाराष्ट्रात बिअर पोचवणाऱ्या एका कंपनीचा. सीझन संपला की जूनमध्ये त्यांचा वार्षिक मेळावा असतो. त्याचं स्क्रिप्ट आणि ‘टीम अचीव्हमेंट्स’ची २४ पानी पुस्तिका असं काम होतं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच. घरी सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, ‘वाइनवाल्यांचं नाही का गं मिळालं?’

मला वाटलं होतं ऑफिस म्हणजे फुल टू पार्टी माहोल असेल. प्रत्यक्षात ते एखाद्या पतपेढीच्या शाखेसारखं निघालं. भिंतीवर गणपती, टेबलावर फायली, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द : ‘टीपी’. म्हणजे ट्रान्सपोर्ट पास. हा कागद नसेल तर बिअरचा एक बॉक्सही रस्त्यावर हलत नाही. माल निघतो ब्रुअरीतून, बहुतेक वेळा वाळूजकडून. तिथून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ‘एफएल-१’ हा होलसेलचा परवाना असलेला. त्याच्याकडून परमिट रूम, वाइन शॉप आणि बिअर शॉपी. प्रत्येकाचा परवाना वेगळा आणि दर ३१ मार्चला त्याचं नूतनीकरण. नेमका तेव्हाच उन्हाचा कडाका सुरू होतो आणि बिअरची मागणीही चढते. सीझन आणि कागदपत्रांचा डोंगर एकाच आठवड्यात! आणि हे सगळं चालतं कुठल्या कायद्याखाली? १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. हो, नावातच ‘बंदी’ आहे. विकणाऱ्याला परवाना, नेणाऱ्याला पास, आणि कायद्याने पिणाऱ्यालाही परमिट. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आलं. शिवाय देशभर जीएसटी आला २०१७ मध्ये, पण पिण्याची दारू त्याच्या बाहेरच राहिली. त्यामुळे इथे अजून व्हॅटचाच हिशेब.

गोडाऊनमध्ये राज्य होतं नानांचं. नाना म्हणजे गोडाऊन इनचार्ज, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्यांनी मला पहिल्याच दिवशी कामाला लावलं. ‘मॅडम, लिहायच्या आधी एक बॉक्स उचलून बघा.’ उचलला. ६५० मिलीच्या १२ बाटल्या, काचेसकट साधारण १४ किलो! मोठ्या ट्रकमधून असे हजारेक बॉक्स येतात. म्हणजे १४ टन, १२ हजार बाटल्या, आणि त्या सगळ्या हातानं उतरवायच्या. काचेचं ओझं गव्हाच्या पोत्यासारखं टाकता येत नाही. थर फार उंच गेला तर खालचे पुठ्ठे बसतात, पावसात पुठ्ठा भिजला तर बूड सुटतं. एकाही बाटलीला तडा गेला असेल तर जुने हमाल बॉक्स हलवून नुसत्या आवाजावरून सांगतात. मी तीन वेळा कान लावला, मला तिन्ही वेळा सारखंच ऐकू आलं.

शिवाय बिअर ही नाजूक चीज आहे. व्हिस्की वर्षानुवर्षं पडून राहिली तरी बिघडत नाही. बिअरचं आयुष्य साधारण सहा महिने. ऊन लागलं की तिला विचित्र वास येतो, बाटली तपकिरी असते ती म्हणूनच. त्यामुळे नानांचा एकच मंत्र : आधी आलेला माल आधी बाहेर. त्यांच्या दृष्टीनं गोडाऊनमधला प्रत्येक थर म्हणजे एक तारीख.

सेल्स टीमची कथा आणखी वेगळी. टीव्हीवर बिअरची थेट जाहिरात चालत नाही. त्या झगमगत्या सोडा आणि पाण्याच्या जाहिराती कशासाठी असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे खरी जाहिरात कोण? तर भर मे महिन्यात बाइकवरून सिन्नर, येवला, मनमाड असा बीट करणारा सेल्समन. फ्रिजमध्ये आपली बाटली डोळ्यांसमोरच्या कप्प्यात आहे की खाली, जुन्या तारखेचा माल मागे तर दडला नाही ना, मागच्या महिन्याचा चेक कधी वटणार... ‘शेठ, एवढं क्लिअर करा ना!’ हे वाक्य एका दिवसात मी किती वेळा ऐकलं, मोजायचं सोडून दिलं. त्यात ड्राय डे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ठरलेले. निवडणूक लागली की मतदान संपेपर्यंतचे ४८ तास बंद, वर मतमोजणी. टार्गेट मात्र महिन्याचंच, ते काही ड्राय होत नाही!

पुस्तिकेसाठी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, ‘तुमच्या टीमची सगळ्यात मोठी अचीव्हमेंट कोणती?’ मला वाटलं होतं विक्रीचे आकडे ऐकायला मिळतील. एकानंही आकडा सांगितला नाही.

सेल्सवाले म्हणाले, २०१७. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता १५ डिसेंबर २०१६ ला. हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, अंमल १ एप्रिल २०१७ पासून. नाशिकचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई-आग्रा हायवे गावाला वळसा घालत नाही, पाथर्डी फाटा, द्वारका, आडगाव नाका असा पोटातूनच जातो. एका रात्रीत गिऱ्हाइकांची शटर खाली, आणि त्यांच्याकडची उधारी आत. पालिका हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी नाही, असं कोर्टाकडून स्पष्ट झालं ते जुलैमध्ये. ‘तोपर्यंत आम्ही बंद दुकानांच्या मालकांकडे जाऊन फक्त चहा प्यायचो,’ एक सीनियर सांगत होता. ‘पैसे मागायला नाही. माणूस तुटू नये म्हणून.’ दुकानं उघडल्यावर बहुतेकांनी उधारी स्वतःहून चुकती केली. मॅनेजमेंटच्या पुस्तकात याला ‘रिलेशनशिप’ म्हणतात, ते नेमकं काय असतं हे मला त्या चहात कळलं.

नाना म्हणाले, २०२०. लॉकडाउन लागला २५ मार्चला, गोडाऊन सीझनच्या मालानं गच्च भरलेलं. दुकानं उघडायची परवानगी ४ मेपासून, घरपोच विक्री मेच्या मध्यापासून. मधल्या काळात हायवेवरून मुंबईची माणसं पायी गावाकडे चाललेली. गोडाऊनच्या गेटवर नाना आणि चार हमाल पाण्याचे पिंप आणि भेळीचा भत्ता घेऊन बसायचे. आत बिअरच्या तारखा संपत होत्या. मुदत संपलेला माल ओततानाही एक्साइजची परवानगी आणि अधिकारी समोर लागतो. त्या दिवशीचं त्यांनी एकाच वाक्यात सांगितलं, ‘ज्या पोरांनी उतरवला होता, त्यांनीच ओतला.’ पण एकही हमाल गाव सोडून गेला नाही आणि एकाचीही मजुरी बुडाली नाही. ही अचीव्हमेंट!

माझं मटेरियल तर सॉलिड झालं होतं. मग आला फॉर्म. पुस्तिकेत नाव आणि फोटो छापायचा, म्हणून मी सगळ्यांना एक कागद दिला : हो किंवा नाही, एवढंच. हमालांनी सगळ्यात आधी भरून दिला, एकूणएक ‘हो’. ऑफिसमधल्या निम्म्यांनी ‘नाही’वर टिक केली.

एका सेल्समनला मी विचारलंच. वय २७, सलग दोन वर्षं बेस्ट कलेक्शनचा मानकरी. त्याची ट्रॉफी ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच पडून होती, कारण तिच्यावर फेसाळता मग कोरलेला. ‘मॅडम, घरी स्थळं बघणं चालू आहे. बायोडेटात एफएमसीजी लिहिलंय. मुलीकडचे विचारतात तेव्हा बाबा सांगतात, मुलगा डिस्ट्रिब्यूशनमध्ये आहे. कसलं ते कोणी विचारलं की आई पोहे आणायला आत जाते.’ तो हसला, मीही हसले. पण ज्या पोरानं बंद शटरसमोर बसून माणसं जोडली, त्याला आपलं काम पोह्यांच्या ताटामागे लपवावं लागतं, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

बिलिंगच्या ताईंचं ‘नाही’ मात्र वेगळं होतं. आपल्याकडे गावातल्या पुरेशा महिलांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी मतदान घेता येतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून जास्त मतदारांनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद. ताईंच्या गावात आडवी बाटली जिंकली होती, आणि प्रचारात पुढे होती त्यांची आई. ‘माझे वडील पिऊनच गेले,’ ताई बिलावरची नजर न उचलता म्हणाल्या. ‘आईनं केलं ते बरोबरच. मी इथे बारा वर्षं बिलं करते, एका पैशाची चूक नाही, दोन मुलांचं शिक्षण केलं. तेही बरोबरच. पण माझं नाव बिअरच्या पुस्तकात नको.’

यावर मी काय बोलणार? कंपनीनं मला पैसे दिले होते ते ‘प्राउड टीम’ वगैरे लिहायला. पण ताईंनी मला सगळ्या मास कॉमपेक्षा नेमकी गोष्ट शिकवली. कामाचा अभिमान आणि मालाचा अभिमान ही दोन खाती वेगळी आहेत. आपण ती एकत्र मोजतो. म्हणून वाइनवाल्याला न केलेल्या कामाचंही क्रेडिट मिळतं, आणि बिअरवाल्याला केलेल्याचंही मिळत नाही.

मग मी मालकांकडे गेले आणि सर्टिफिकेटचा मजकूर बदलायची परवानगी मागितली. ‘विक्रीतील उत्कृष्ट कामगिरीबद्दल’ हे गुळगुळीत वाक्य काढून टाकलं आणि प्रत्येकानं खरंच काय केलं ते लिहिलं. ‘हजारो बॉक्स उतरवताना सर्वांत कमी फूट.’ ‘अडचणीच्या काळात एकही ग्राहक न तुटू देणं.’ ‘वर्षभरात विनाअपघात डिलिव्हरी.’ ताईंच्या कागदावर लिहिलं, ‘बारा वर्षं, बिनचूक हिशेब.’ पुस्तिकेत त्यांचं नाव नाही, सर्टिफिकेटवर आहे. मालकांनी वाचलं, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘ट्रॉफीवरचा तो मगही काढा.’

म्हणून सांगते मित्रांनो, दारू वाईट की चांगली, यावर मी तुमचं मत बदलायला निघालेली नाही. ताईंच्या आईचं मत मला आजही जास्त पटतं. पण पुढच्या पंगतीत कोणी ‘डिस्ट्रिब्यूशन’ म्हणून थांबलं, तर जिलेबीकडे बघू नका. ‘म्हणजे नेमकं काय करता?’ असं विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

मेळाव्यानंतर आठवड्यानं त्या सेल्समनचा मेसेज आला. सर्टिफिकेट घरच्या भिंतीवर लागलंय. बायोडेटात अजून एफएमसीजीच आहे. ‘एका वेळी एकच टार्गेट, मॅडम!’