प्रस्थान

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला एक खोड जडते. दोन ठिकाणी एकच शब्द दिसला की त्यामागे एकच अर्थ असेल, यावर त्याचा सहसा विश्वास बसत नाही. ही खोड मी विद्यार्थ्यांना अनेक वर्षे लावीत आलो. परंतु विमानाच्या वेळापत्रकातील ‘सुटण्याची वेळ’ आणि ‘पोचण्याची वेळ’ या शब्दांकडे मी स्वतः कधी त्या नजरेने पाहिले नव्हते. ते काम माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने केले.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी दिल्लीस आलो त्याला आता दीड वर्ष झाले. घर पुण्यासच राहिले. महिन्यातून एकदा, शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने घरी जायचे, असा परिपाठ पडला. मुलगा एका आभासी विमानकंपनीत ‘वैमानिक’ आहे. जगभरच्या हौशी मंडळींनी चालविलेल्या अशा कंपन्यांत तिकीट नाही, उतारू नाहीत, वेतनही नाही. विमान घरच्या संगणकावर चालवायचे. वेळापत्रक मात्र पुष्कळदा खऱ्या कंपनीचेच असते. २००१ साली सुरू झालेल्या ‘व्हॅटसिम’सारख्या जाळ्यावर तर हवाई नियंत्रकाचे कामही अशीच हौशी माणसे करतात. ज्या विमानाने मी घरी येई, तेच विमान त्याच वेळी हा मुलगा आपल्या खोलीत बसून दिल्लीहून पुण्यास आणीत असे. मला हे बरेच दिवस ठाऊक नव्हते.

एकदा घरी आल्यावर मी सहज म्हणालो, ‘‘आज विमान वीसबावीस मिनिटे उशिरा सुटले.’’

‘‘वेळेवर सुटलं, बाबा. तू उडाल्याची वेळ सांगतोयस,’’ तो म्हणाला, आणि त्याने कागदावर चार आकडे लिहून दाखविले. ६.१० ला विमान जागेवरून हलले, ६.३२ ला चाके धावपट्टीवरून सुटली, ८.१४ ला ती पुण्यास टेकली, ८.२० ला विमान आपल्या जागी उभे राहिले. वेळापत्रकातल्या दोन वेळा म्हणजे या चारांतील पहिली आणि शेवटची. चाकांचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा हा काळ, म्हणून त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. घाटातला गाडीवान चाकाखाली दगडाची उटी लावतो, त्याच जातीचा हा ठोकळा. दोन तास दहा मिनिटांच्या त्या प्रवासात आम्ही हवेत होतो एक तास बेचाळीस मिनिटे. उरलेली अठ्ठावीस जमिनीवरची.

नवखा आभासी वैमानिक नेमका येथेच चुकतो. ६.१० ला आकाशात असले पाहिजे, या समजुतीने तो आधीच निघतो. आणि हातब्रेक सुटताच वेळ टिपणारी संगणकावरची नोंदवही त्याला वेळेपूर्वी निघालेला ठरविते. दुसरी चूक घड्याळाची. तिकिटावर त्या त्या गावची स्थानिक वेळ असते, तर वैमानिकाचा हिशेब जागतिक वेळेचा; आपले ६.१० म्हणजे तेथले १२.४०.

हे ऐकताना मला आपला जुना शब्द आठवला. मुहूर्तावर निघणे शक्य नसले की सुपारी, तांदूळ किंवा एखादे वस्त्र शेजारच्या घरी नेऊन ठेवीत. याला ‘प्रस्थान ठेवणे’ म्हणत. ज्ञानदेवांची पालखी देवळातून प्रस्थान ठेवते, पण तिचा पहिला मुक्काम आळंदीतच असतो. तुकोबांच्या पालखीचा देहूतच. प्रस्थान म्हणजे अंतर कापणे नव्हे, जागा सोडणे. वेळापत्रक करणाऱ्याला जे अभिप्रेत होते, ते आपल्या भाषेला फार पूर्वीच ठाऊक होते. पोचण्यासाठी मात्र इतका नेमका शब्द मला आठवेना.

गेल्या डिसेंबरात दिल्लीच्या धुक्यात आमचे विमान दीड तासाहून अधिक अडकले. ‘झोपून जा,’ असे मी मुलाला फोनवर सांगितले होते. घरी आलो तो त्याच्या खोलीत दिवा होता. त्याच्या कंपनीला असल्या विलंबाशी कर्तव्य नव्हते. तो वेळेवर निघू शकला असता. ‘‘तुझं उभं होतं, म्हणून माझंही उभं ठेवलं,’’ एवढेच तो म्हणाला.

मी बरे म्हटले, पाण्याचा पेला घेतला आणि सवयीने पिशवीतून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढून टेबलापाशी बसलो. दर महिन्याला मी हेच करीत असे. तो दाराशी उभा राहून पाहत होता.

‘‘बाबा, तू नुसता टेकलायस,’’ तो म्हणाला. ‘‘पोचला नाहीस अजून.’’

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. चूक दुरुस्त करताना असतो तसा तो स्वर होता, आणि म्हणूनच मला उत्तर सुचले नाही. गठ्ठा पिशवीत ठेवून मी त्याच्या खोलीत गेलो आणि शेजारी खुर्ची ओढली. पडद्यावर त्याचे विमान लोहगावला दिवे मालवून उभे होते. अहवाल पाठवायचा राहिला होता. विलंबाच्या कारणाच्या रकान्यात त्याने ‘धुके’ एवढेच लिहिले होते.