तीन ‘स’

शीवच्या आमच्या वर्गात एका मुलीने मटणाचे ‘मीट’ डबल ई घालून लिहिले. आम्ही रागावलो. “आवाज तर एकच आहे ना, टीचर?” म्हणत तिने वही मिटली.

घरी आल्यावर उमगले. उर्दूत सबक सीनने, सब्र स्वादने, सवाब सेने. आवाज एक, हर्फ तीन. अरबीत ते आवाज वेगळे. आपल्या जिभेवर एक झाले. इंग्रजीतही मांसाचे ई-ए आणि भेटण्याचे डबल ई पूर्वी वेगळे उच्चारत. उच्चार बदलले, लिखाण राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही हे सांगून फळ्यावर दोन रांगा मांडल्या: ट्री, ग्रीन, शीप, टी, ईट, मीट. मुलीने वही उघडली.

घरी स्पेलिंग घेताना आपणही थोडा सब्र ठेवू या.