होडीची मोटर आणि आमची चूक



2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले. त्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्या एका विद्यार्थ्याने पुरात उपयोगी पडेल अशा होडीचे मॉडेल करायला घेतले. 12 व्होल्टची बॅटरी, मागे मोटर आणि पाण्यात फिरणारा पंखा. आम्ही ते पाहिले, पाठ थोपटली. वायरी मात्र तपासल्या नाहीत. बारा व्होल्टने काय होणार, असे आम्हांस वाटले.

शेततळ्यात चाचणी घेताना पंख्याला शेवाळ गुंडाळले व तो थांबला. बटण चालूच होते. वायर तापून धूर निघाला. ती ओढताना मुलाची बोटे भाजली. घाबरून तो म्हणाला, "सर, माझी चूक झाली." चूक त्याची नव्हती, आमची होती.

फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब निर्माण करून करंट आवरून धरते. पंखा अडला की हा आवर सुटतो आणि नेहमीच्या कित्येक पट करंट वाहतो. 12 व्होल्टचा झटका सहसा जाणवतही नाही, पण त्याच बॅटरीमुळे आग लागू शकते. म्हणून मासेमारीच्या होड्यांवरील अशा मोटरींना सर्किट ब्रेकर लावतात. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातले. तेथे त्याला 'परिपथ वियोजक' म्हणत. शब्द आम्हांस पाठ होता, उपयोग मात्र त्या दिवशी कळला!

ब्रेकर बॅटरीच्या प्लस टोकाजवळ बसवावा, म्हणजे पुढची सगळी वायर सुरक्षित राहते. तो मोटरच्या पूर्ण भाराहून लहान नको आणि वायरीला झेपेल त्याहून मोठा तर नकोच. बॅटरीसाठी डीसीचा ब्रेकर घ्यावा, घरातला एसीचा चालत नाही.

पालकहो, आपल्या भागात शेतपंपाचा फ्यूज वारंवार उडू लागला की जाड तार गुंडाळण्याची सवय आहे. आम्हीही एकेकाळी तेच केले आणि वाइंडिंग जाळून घेतले. ब्रेकर पडला तर तो लगेच वर करू नका, आधी काय अडकले आहे ते पाहा. आणखी एक गोष्ट. साधा ब्रेकर वायर वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा.

तेव्हापासून प्रदर्शनातील बॅटरीवरच्या प्रत्येक मॉडेलला फ्यूज किंवा ब्रेकर सक्तीचा आहे, आणि तपासणी आम्ही स्वतः करतो. त्या मुलाने पुढच्या खेपेस होडी पुन्हा पाण्यात सोडली. पंख्यात मुद्दाम दोरी अडकवली. खट् असा आवाज झाला, होडी थांबली, वायर गारच राहिली. तेव्हा कोठे आम्ही त्याची पाठ मनापासून थोपटली.