जालना : पोलादाच्या गावातला खर्ज

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात जुनी आहे. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज हे नाव घेतले की बी-बियाणे आणि लोखंडी सळई डोळ्यांपुढे येते. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना आणि औद्योगिक वसाहतीत सळईचे कारखाने. एका गायन पार्टीच्या तालमीच्या निमित्ताने या गावी दोन दिवस राहण्याचा आम्हाला नुकताच योग आला. तालीम छान झाली. पण वाचक बंधू-भगिनींना सांगावे असे जे पाहिले, ते एका कामगाराच्या पत्र्याच्या घरात.

हा तरुण सळईच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि सुट्टीच्या दिवशी पार्टीत बेस गिटार वाजवतो. आम्ही गेलो तेव्हा खाटेवर जुनी चादर अंथरून त्याने गिटार उघडून ठेवली होती. स्क्रू एका वाटीत, तारा गुंडाळून दुसरीकडे. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. “कारखान्यातून येऊन पुन्हा लोखंडाशीच खेळतो,” असे ती माउली हसत म्हणाली.

साध्या गिटारीला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार, आणि त्या जाड. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, म्हणून तिचा सूर खर्जातला. आपल्या जलशात तुणतुण्याची एक तार गायकाला सुराचा आधार देत आली. आज पार्टीत तो आधार बेस देते आणि ढोलकीच्या ठेक्याशीही जुळवून घेते.

ही गिटार घरोघर पोचण्यासारखी केली ती अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी. त्यांची ‘प्रिसिजन बेस’ १९५१ साली आली. त्याआधीचा बेस म्हणजे माणसाएवढे उभे वाद्य. फेंडर हिशेबाचे शिक्षण घेतलेले, हिशेबनीस म्हणून नोकरी केलेले. १९३८ साली त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! आम्हा कारकून मंडळींना हे ऐकून बरे वाटावे.

आता त्या खाटेवरच्या कामाकडे येऊ. गिटारीच्या लाकडी मानेत एक पोलादी सळई असते. चार तारा मिळून मानेला पाऊणशे किलोच्या आसपास ओढ देतात, त्या ओढीला ही सळई तोलून धरते. मराठवाड्याच्या मे महिन्यात लाकूड सुकते, पावसाळ्यात फुगते आणि मान थोडी वाकते. मग सळईचे नट पाव फेरा फिरवायचे आणि एक दिवस थांबायचे. घाई केली तर मान तडकते. दिवसभर टनांनी सळई पाहणारा हा तरुण रात्री एका सळईला पाव फेरा देताना श्वास रोखून बसतो.

दुसरे काम सुराचे. तार बाराव्या पडद्यावर दाबली की मोकळ्या तारेचाच सूर बरोबर वरच्या सप्तकात यायला हवा. तो चढा आला तर तारेखालची घोडी मागे सरकवायची, उतरला तर पुढे. याला पैसा लागत नाही, कान लागतो.

तिसरे काम घोंघाटाचे. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते. पण घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घुरघुरही तेच वेढे पकडतात. म्हणून त्याने आतल्या खोबणीला तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थच्या तारेला जोडली. फेंडर यांनी १९५७ साली पिकअपचे दोन तुकडे करून ही घुरघुर आपसांत कापली जाईल अशी योजना केली. तसा पिकअप त्याने शेवटी घेतला. आधी नव्या तारा, मग मानेची जुळणी, मग पट्टी, आणि पैसे साठल्यावर पिकअप. सारा खर्च वहीत लिहिलेला. ओव्हरटाइमचा पैसा, उधारी नाही.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी जरूर लक्षात ठेवावी. बेसच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. घराची किंवा मंडपाची अर्थिंग नादुरुस्त असेल आणि अँप्लिफायरमध्ये दोष असेल, तर वाजवणाऱ्याला जबर धक्का बसू शकतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावी, गळतीला बंद होणारा स्विच बसवावा आणि अँप्लिफायर घरी उघडू नये. बटण बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते.

जमैकाच्या किंग्स्टन शहरातील अ‍ॅस्टन बॅरेट हेही वेल्डिंगचे काम केलेले. त्यांनी आपली पहिली बेस प्लायवूडपासून घरीच बनवली आणि पुढे बॉब मार्ली यांच्या वाद्यवृंदाचा पाया झाले. २०२४ साली ते वारले. गरिबाच्या घरातले हत्यार कुठवर पोचते, याचा हा दाखला.

आमच्या परतीच्या वाटेवर भोकरदन होते. हेच प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत आणि १९७३ सालच्या उत्खननात येथे हस्तिदंताची नाजूक कोरीव मूर्ती निघाली. या मातीतल्या हातांना बारीक काम नवे नाही, असे तेथे उभे असताना वाटले.

निघताना त्या घरातले आजोबा जे बोलले ते सांगितलेच पाहिजे. तरुणपणी गावकीची हलगी वाजवण्याचे काम त्यांच्यावर होते, ते त्यांनी सोडले. म्हणाले, “साहेब, हलगी गावानं आमच्या गळ्यात घातली व्हती. नाही म्हनायची सोय नव्हती. ह्या पोरानं ही गिटार सवताच्या मनानं गळ्यात घातली.”

छंद ही श्रीमंतांची चैन आहे, असे आपल्या वस्तीत अजून ऐकू येते. आजोबांचे बोल ऐकल्यावर आम्हाला ते पटत नाही. कुणी सांगितले म्हणून नव्हे, तर आवडले म्हणून हात चालवणे हीही कष्टाने मिळालेली मोकळीक आहे. आपल्या घरात मुलगा-मुलगी पेचकस घेऊन बसली असेल, अभ्यास आणि कामधंदा सांभाळून बसली असेल, तर पालकांनी रागावू नये. एक वही द्यावी, खर्च लिहायला सांगावा, आणि अर्थिंग तेवढी तपासून घ्यावी.